डॉक्टरांच्या मोबाईलला आमची वेदना कळेल का?

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की काही ठरावीक गोष्टी डोळ्यांपुढे येतात. मराठी शाळा, जमिनीचे उतारे, मतदारयाद्या, गावच्या वेशीवरचा फलक, पंचायतीच्या नोटिसा. १ नोव्हेंबर १९५६ पासून सीमावासीय या गोष्टींसाठी झगडत आले आहेत आणि या सगळ्या मागण्या रास्तच आहेत. तथापि या यादीत आणखी एका जागेचा समावेश व्हावा, असे आम्हाला वाटते. ती जागा म्हणजे रुग्णाची खाट. उतारा कानडीत आला तर तो कुणाकडून तरी वाचून घेता येतो. पण स्वतःच्या अंगातली वेदना दुसऱ्याच्या भाषेत सांगण्याची पाळी आली, तर ती कुणाकडून वाचून घ्यायची?

हा विषय आज काढण्यास कारण आहे. असाध्य आजाराच्या रुग्णांची वेदना कशी ओळखावी, कशी मोजावी आणि कोणत्या औषधाने शमवावी, याचे शिक्षण डॉक्टरांना मोबाईलवरील ॲपमधून देण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत. आपल्याकडेही डॉक्टर मोबाईलवर शिकू लागले आहेत. हे शिक्षण आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरापर्यंत कोणत्या भाषेतून पोचते आणि त्यात आपल्या रुग्णाच्या शब्दांना जागा असते की नाही, हे पाहण्याची वेळ आली आहे.

प्रथम हे उपचार म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक उपचार. आजार बरा होणार नाही हे स्पष्ट झाले, म्हणून डॉक्टरांचे काम संपले असे होत नाही. वेदना, दम लागणे, उलट्या, जखमा, झोप न लागणे, मनाची तगमग, घरच्यांची ओढाताण या सगळ्यांवर इलाज करता येतो. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून या शास्त्राला आधुनिक रूप आले. आपल्या देशात मुंबईला वांद्र्यात १९८६ साली शांती अवेदना आश्रम उभा राहिला. पुढे गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा निघाली. केरळात कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली काम सुरू केले, ते खेड्यापाड्यांतल्या स्वयंसेवकांच्या बळावर इतके वाढले की २००८ साली केरळ सरकारने या उपचारांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पुण्यात सिप्लाचे केंद्र १९९७ पासून रुग्णांची सेवा करीत आहे. म्हणजे ही गोष्ट नवी नाही आणि केवळ परदेशातलीही नाही.

कर्करोगाची वेदना बहुतांश रुग्णांमध्ये आटोक्यात आणता येते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच एक सोपी पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला साधी गोळी, वाढली तर त्याहून तीव्र, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यायचे आणि घड्याळ पाहून द्यायचे. दुखू लागल्यावर धावाधाव करायची नाही. संघटनेने २०१८ साली या सूचना सुधारल्या. पायऱ्या काटेकोरपणे चढण्यापेक्षा प्रत्येक रुग्णाची वेदना नीट तपासून उपचार ठरवण्यावर आता भर आहे. ‘नीट तपासून’ हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. आमचे पुढचे सगळे म्हणणे त्यांच्यावरच उभे आहे.

मग इतके सोपे असूनही खेड्यातला रुग्ण विव्हळत का राहतो? याला एक कारण कायद्याचे होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायचे तर इतके परवाने लागत, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. माळव्यात नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूवर प्रक्रिया होते, देशाबाहेरही ती जाते, आणि देशातल्या रुग्णाला मात्र तिच्यातून निघणारे औषध मिळत नाही, अशी विचित्र स्थिती वर्षानुवर्षे होती. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसह सहा औषधांसाठी सगळ्या देशाला एकच नियम लागू झाला आणि मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवणे पुष्कळ सुकर झाले. पण त्या मान्यतेसाठी वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेत असावा लागतो. म्हणजे कायद्याची गाठ सुटली आणि शिक्षणाची गाठ राहिली.

ही गाठ मोठी आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेक डॉक्टरांना त्यांच्या कॉलेजात हा विषय जेमतेम शिकवला गेला. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात त्याला नीटशी जागा मिळाली ती २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून. प्राथमिक आरोग्य केंद्रावर एकटा असलेला डॉक्टर महिना-दीड महिना केंद्र सोडून शिकायला जाणार कसा? तो गेला तर बाळंतपणे आणि साप चावलेली माणसे पाहायची कुणी? म्हणूनच मोबाईलवरचे शिक्षण आम्हाला स्वागतार्ह वाटते. दहा मिनिटे सापडली की एक धडा, एका रुग्णाचे उदाहरण, चार प्रश्न आणि चुकले तर लगेच दुरुस्ती. मॉर्फिन सुरू केले की बद्धकोष्ठाचे औषध बरोबरच द्यावे, मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा जपून ठरवावी, दोन मात्रांच्या मध्येच कळ उठली तर काय द्यावे, अशा गोष्टी वेळेवर आठवणे फार मोलाचे असते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली सुरू केलेली ‘एको’ पद्धत तर याहून पुढची आहे. त्यात दूरगावचा डॉक्टर पडद्यावरून तज्ज्ञांपुढे आपला रुग्ण मांडतो आणि सगळे मिळून शिकतात. आपल्या देशात उपशामक उपचार शिकवण्यासाठी ती वापरली जाते.

अर्थात ॲप म्हटले की ते बरोबरच असते, असे कुणी समजू नये. वेदनेचे एक औषध बदलून दुसरे द्यायचे तर मात्रा किती, याचा हिशेब करून देणारी ॲप ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ साली एकमेकांशी ताडून पाहिली. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या ॲपनी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि कित्येकांवर ते तयार करताना डॉक्टरांचा हात लागला होता की नाही याचा उल्लेखही नव्हता. मॉर्फिनच्या मात्रेत अशी तफावत परवडत नाही. तेव्हा कोणत्या संस्थेने बनवले, कुणी तपासले आणि केव्हा सुधारले, हे ज्यावर लिहिलेले नाही असे ॲप डॉक्टरांनी वापरू नये. हा झाला औषधाचा हिशेब. पण हिशेबात आकडा भरायचा तो रुग्णाला विचारूनच भरायचा असतो, आणि इथून आपला प्रश्न सुरू होतो.

रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला यंत्र आहे, वेदनेला यंत्र नाही. रुग्ण सांगेल तीच वेदना, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे. ॲप डॉक्टरला सांगते, ‘रुग्णाला विचारा, दुखते का?’ खानापूर तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला हे विचारून पाहावे. ती म्हणेल, ‘दुखत न्हाई, आग हुतीया.’ तिच्या दृष्टीने उत्तर अगदी नेमके आहे. दुखणे वेगळे, आग होणे वेगळे. पण पुढ्यातल्या डॉक्टरने ‘न्हाई’ एवढेच टिपले तर ॲपमध्ये शून्य भरले जाईल, आणि शून्याला औषध नसते. ‘आग’ हा शब्द अर्धवट कळला तर त्याहून वाईट. छातीत-पोटात जळजळते असे समजून आम्लपित्ताची गोळी हाती पडेल. वास्तविक त्या बाईने एका वाक्यात निदान सांगितलेले असते. पायात, हातात किंवा शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ होणारी आग ही बहुधा मज्जातंतूंच्या इजेची खूण असते. तिला साधी वेदनाशामक गोळी फारशी लागू पडत नाही. गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी वेगळी औषधे लागतात.

आपल्या भाषेत वेदनेसाठी किती शब्द आहेत, याचा एकदा हिशेब करून पाहावा. ठणका लागतो, ठसठसते, कळ येते, चमक मारते, तिडीक उठते, सलते, टोचते, चुरचुरते, झोंबते, भगभगते, हुळहुळते, रग लागते, ओढ लागते, पेटका येतो, मुरडा येतो, मुंग्या येतात, बधिर होते, जड पडते. यांतला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. गळवाला ठणका लागतो, मुंग्या येत नाहीत. आतड्याला मुरडा येतो, चमक मारत नाही. हुळहुळते म्हणजे पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. डॉक्टरी शास्त्रात या प्रत्येक भेदाला अर्थ आहे आणि त्याप्रमाणे औषध बदलते. फ्रेंच डॉक्टरांनी २००५ साली मज्जातंतूंची वेदना ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एक छोटी परीक्षा तयार केली. त्यात आग होते का, विजेचा धक्का बसल्यासारखे होते का, मुंग्या येतात का, सुया टोचतात का, बधिर वाटते का, असे प्रश्न आहेत. दहापैकी चार उत्तरे ‘होय’ आली की संशय धरायचा. आमच्या गावची माणसे यांतली निम्मी उत्तरे न विचारताच देतात. ऐकणाऱ्याला ती उत्तरे आहेत हे कळत नाही, एवढेच.

भाषा आणि वेदना यांचा हा संबंध आम्ही नव्याने शोधलेला नाही. कॅनडात माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. रुग्णाने आपल्याला लागू पडेल तो शब्द निवडायचा आणि त्यावरून डॉक्टरांनी वेदनेची जात ओळखायची. ही इंग्रजी प्रश्नावली फ्रेंचांपुढे आली, तेव्हा पॅरिसच्या डॉक्टरांनी शब्दाला शब्द ठेवून भागवले नाही. फ्रेंच माणूस वेदनेबद्दल कसा बोलतो हे पाहून त्यांनी १९८४ साली आपली वेगळी प्रश्नावली बांधली. आमच्या अंगी शब्दांची श्रीमंती असताना आम्ही मात्र इंग्रजी यादीचे ओढूनताणून केलेले भाषांतर स्वीकारायचे काय?

शब्दांसारखीच आकड्यांची गोष्ट. ‘शून्य ते दहा यांत तुमची वेदना किती?’ हा प्रश्न ॲपला सोपा वाटतो. आमच्याकडच्या सत्तरीतल्या माणसाला तो परीक्षेतल्या मार्कांसारखा वाटतो. तोच माणूस ‘औषधाने चार आणे फरक हाय, अजून बारा आणे दुखतंय’ असे सहज सांगतो. नवे पैसे १९५७ साली आले, पण दुखणे आमच्याकडे अजून आण्यांतच मोजले जाते. डॉक्टरला हे ठाऊक असेल तर बारा आण्यांचे साडेसात करायला त्याला कितीसा वेळ लागणार?

यावर कुणी म्हणेल, सीमाभागात सगळ्यांना कानडी समजते, मग अडचण कसली? बाजारापुरते कानडी समजते, कचेरीपुरतेही समजते. पण रात्री दोन वाजता कळ उठते तेव्हा माणूस आईलाच हाक मारतो आणि आईच्याच भाषेत मारतो. दुसरा म्हणेल, बरोबर आलेला मुलगा दुभाषा होईल. दुभाषाचे काम कसे चालते हे आपण सगळे पाहतो. म्हातारी पाच मिनिटे सांगते आणि मुलगा डॉक्टरला म्हणतो, ‘पाय दुखतोय.’ शिवाय लघवीच्या, शौचाच्या, गर्भाशयाच्या तक्रारी आईने मुलाच्या तोंडून सांगायच्या कशा? आणि ज्या मुलाने आजाराचे नावच आईपासून लपवले आहे, तो तिचा प्रत्येक प्रश्न डॉक्टरपर्यंत पोचवेल काय? तिसरा म्हणेल, आता मोबाईलच भाषांतर करतो. करतो खरा. पण ‘पायाला मुंग्या आल्या’ आणि ‘पोटऱ्यांत गोळे आले’ यांचे शब्दशः भाषांतर डॉक्टरपुढे ठेवले तर तो पायावर किडे शोधेल आणि पोटरीत गाठ.

औषध समजावून सांगतानाही हेच. मॉर्फिन म्हटल्याबरोबर घरचे लोक ‘म्हणजे अफूच की!’ म्हणून दचकतात. सवय लागेल का, नशा चढेल का, हे शेवटचे औषध का, असे प्रश्न त्यांच्या मनात येतात. वेदनेसाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली नीट मात्रेत घेतलेले मॉर्फिन आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना त्यांच्या बोलीत कुणी सांगितले नाही तर बाटली कोनाड्यात पडून राहते. ‘दुखेल तेव्हा घ्या’ आणि ‘दुखो न दुखो, दर चार तासांनी घ्या’ यांतला फरक न कळल्यामुळे रुग्णाची सगळी रात्र वाया जाते.

आम्ही डॉक्टरांना दोष देत नाही. बेळगावात शिकायला आणि नोकरीला देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण डॉक्टर येतात. त्यांतला कुणी मल्याळी, कुणी गुजराती, कुणी म्हैसूरकडचा कन्नडिग. त्यांनी आमचे शब्द जन्मतःच शिकून यावेत अशी अपेक्षा कुणीही करणार नाही. उलट मोबाईलवरचे शिक्षण हेच याचे उत्तम साधन होऊ शकते. जो फोन मात्रेचा हिशेब शिकवतो तोच ‘ठणका’ आणि ‘चमक’ यांतला फरकही शिकवू शकेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सीमाभागातल्या डॉक्टरांना वेदनाशमन शिकवणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांतले वेदनेचे शब्द असावेत. ते नुसते लिहून न ठेवता गावातल्या माणसाच्या आवाजात ऐकू यावेत आणि प्रत्येक शब्दापुढे त्याचा वैद्यकीय अर्थ असावा. ॲप इंटरनेटविनाही चालावे, कारण घाटाच्या पायथ्याला सगळीकडे रेंज मिळत नाही. रुग्णाने वापरलेला शब्द जसाच्या तसा केसपेपरवर लिहिण्याची पद्धत पडावी. औषध कसे घ्यावे याची चिठ्ठी रुग्णाच्या भाषेत मिळावी. अल्पसंख्याक भाषिकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण सीमावासीयांना तोंडपाठ आहे. औषधाच्या चिठ्ठीहून महत्त्वाची सूचना कोणती? राज्यघटनेचे ३५० वे कलम तर राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारकडे तक्रार मांडण्याचा हक्क देते. आमच्याकडे आजारालाही तक्रारच म्हणतात. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात हा अर्थ नसेल, पण सरकारी दवाखान्याच्या मनात तो असायला काय हरकत आहे?

हाच न्याय आम्ही सीमेच्या पलीकडेही मागतो. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतली कानडी माणसे महाराष्ट्राच्या दवाखान्यांत येतात. मिरजेला तर गेल्या शतकापासून कर्नाटकातले रुग्ण येत आले आहेत. कानडी रुग्ण पायाला हात लावून ‘उरी’ म्हणतो, तेव्हा त्याला आग होते असे सांगायचे असते. मराठी डॉक्टरच्या कानाला ‘उरी’ म्हणजे छातीत. इकडे मराठी बाईची आग पोटात शोधली जाते आणि तिकडे कानडी माणसाची आग छातीत. ज्या कारणासाठी आम्ही बेळगावात मराठी शब्द मागतो, त्याच कारणासाठी सोलापूर-सांगलीच्या डॉक्टरांनी कानडी शब्द शिकले पाहिजेत. या बाबतीत आम्हाला दोन बाजू दिसत नाहीत, एकच दुखणेकरी दिसतो.

सगळे काम सरकारवर आणि कंपन्यांवर सोडूनही चालणार नाही. ॲप बनवणारे लोक शहरात बसतात. त्यांना आमचे शब्द स्वप्नात दिसणार नाहीत. ते आपणच गोळा करून द्यायला हवेत. आपल्या गावोगावी वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत, शाळांतून मराठी शिकवणारे गुरुजी आणि बाई आहेत, घरोघर जाणाऱ्या आशाताई आहेत. निपाणीकडचा शब्द वेगळा, खानापूरच्या जंगलपट्ट्यातला वेगळा, कारवारच्या बाजूचा आणखी वेगळा. गावातल्या चार वडीलधाऱ्यांपाशी बसून, कुठल्या दुखण्याला ते काय म्हणतात हे एका वहीत उतरवायला फार तर दोन संध्याकाळी लागतील. अशा वह्या एकत्र करून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांपुढे ठेवल्या, तर प्रत्येक शब्दाचा वैद्यकीय अर्थ लावून देण्याचे काम ते आनंदाने करतील, असा आमचा विश्वास आहे. पन्नास वह्या जमल्या तरी ॲप बनवणाऱ्यांपुढे ठेवायला तेवढे पुरेसे आहे. हे काम येत्या मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या मुलांकडूनही होईल आणि त्यांना आपल्या आजी-आजोबांचे चार शब्द जाता जाता कळतील. ज्या मंडळांना हे काम उचलायचे असेल त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयात एक कोरी वही या आठवड्यातच ठेवावी.